चंद्रावरचा आळ

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चंद्र पाहिला की पाहणाऱ्यावर खोटा आळ येतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. स्यमंतक मण्याच्या कथेत तर प्रत्यक्ष कृष्णही त्यातून सुटला नाही. आम्हांला येथे उलट बाजूचे प्रकरण मांडायचे आहे. खुद्द चंद्रावरच आपण सर्वांनी मिळून एक आळ घातलेला आहे. पौर्णिमेला वेडाचे झटके वाढतात, फेफरे येते, बाळंतपणे अडतात, अपघात होतात आणि रुग्णालयात पाय ठेवायला जागा उरत नाही, असा तो आळ. हे म्हणणारे केवळ अडाणी असते तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. ते डॉक्टर म्हणतात, परिचारिका म्हणतात, आणि मराठी विभागातील प्राध्यापक तर वर्गात उभे राहून म्हणतात. आम्हीही म्हणत होतो. म्हणून हा वाद प्रथम आमचा आमच्याशीच आहे.

काही वर्षांपूर्वी कोजागरीच्या रात्री एका नातेवाइकाला घेऊन आम्ही एका तालुक्याच्या गावातील रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत बसलो होतो. गर्दी अतोनात होती. ड्यूटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, ''पुनव आहे ना आज, मग असंच असणार.'' त्यांच्या वीस वर्षांच्या अनुभवापुढे आमचे काय चालणार? आम्ही मान डोलावली. पुढे कितीतरी वर्षे हा प्रसंग आम्ही वर्गात सांगत राहिलो. चंद्र आणि मन यांचे नाते आपल्या ऋषींनी आणि कवींनी जाणले होते, विज्ञान आता कोठे तेथे पोहोचते आहे, असा त्याचा समारोप असे. वर्गाला तो आवडे.

एका वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, ''पण सर, त्या रात्री आलेल्या लोकांना झालं काय होतं?'' आठवून पाहिले. दोन तरुण मोटारसायकलवरून पडले होते. नदीकाठची कोजागरी आटोपून ते परतत होते. एका बाईंच्या हातावर आटवलेले दूध सांडले होते. एक आजोबा गच्चीवरच्या थंडीत मध्यरात्रीपर्यंत बसले होते आणि त्यांना दम लागला होता. आमच्या डोळ्यांसमोर तीन कारणे उभी होती आणि त्यांतले एकही आकाशातले नव्हते. सारे गाव त्या रात्री जागे होते, रस्त्यावर होते, चुलीपाशी होते. आम्ही निरुत्तर झालो. सोयीचा पुरावा किती सहज गोळा होतो, हे त्या दिवशी कळले.

*

प्रतिपक्षाची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती अगदीच दुबळी नाही. मायामीचे मानसोपचारतज्ज्ञ आर्नल्ड लीबर यांनी १९७८ साली पुस्तक लिहून 'जैविक भरती'ची कल्पना मांडली. चंद्र समुद्राला ओढतो, शरीरातही पाणीच आहे, तेव्हा तो मनालाही ओढणार, असा तिचा मथितार्थ. २००० सालच्या डिसेंबरमध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या डॉक्टरांनी १,६२१ रुग्णांच्या नोंदींवरून दाखवले की, प्राण्यांनी चावा घेतल्याच्या घटना पौर्णिमेच्या सुमारास वाढतात. २०१३ साली स्वित्झर्लंडमध्ये ३३ जणांच्या झोपेच्या जुन्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा पौर्णिमेच्या आसपास झोप सुमारे २० मिनिटांनी कमी भरल्याचे दिसले. २०२१ साली अर्जेंटिनातील आदिवासी वस्त्यांत आणि अमेरिकेतील सिएटलच्या विद्यार्थ्यांत पौर्णिमेच्या आधीच्या रात्री लोक उशिरा झोपतात आणि कमी झोपतात, असे आढळले. २०१७ साली १३,००० हून अधिक प्राणघातक मोटारसायकल अपघातांच्या अभ्यासात पौर्णिमेच्या रात्री सरासरी ९.१० आणि इतर रात्री ८.६४ अपघात, म्हणजे सुमारे पाच टक्क्यांची वाढ, निघाली.

आता दुसरी बाजू. ब्रॅडफर्डचा निबंध ज्या अंकात आला, त्याच अंकात ऑस्ट्रेलियातील कुत्रे चावण्याच्या नोंदींचाही अभ्यास आला होता आणि त्यात पौर्णिमेचा काहीही संबंध दिसला नव्हता. पहिला निबंध सांगणारे दुसरा सांगत नाहीत. १९८५ साली रॉटन आणि केली या दोघांनी चंद्र आणि वेडेपणा यांवरचे ३७ अभ्यास एकत्र करून तपासले. मानवी वर्तनातील चढउतारांपैकी एका टक्क्याच्या शंभराव्या भागाहून अधिक काही चंद्रकलांच्या खाती जमा करता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. १९९६ साली अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाच्या चार वर्षांतील १,५०,९९९ भेटी मोजल्या गेल्या. पौर्णिमेला ना गर्दी वाढलेली दिसली, ना रुग्णवाहिकांच्या फेऱ्या, ना भरती कराव्या लागणाऱ्या रुग्णांची संख्या. २००५ साली नॉर्थ कॅरोलिनातील ५,६४,०३९ जन्म तपासले गेले. चंद्राच्या कलांप्रमाणे बाळंतपणे वाढत नाहीत आणि अडतही नाहीत, हे दिसले.

साहित्याच्या विद्यार्थ्याला आकड्यांचा कंटाळा येतो हे आम्ही जाणतो. पण येथे एक साधी गोष्ट ध्यानी घ्यावी. निव्वळ योगायोगाने वीसांत एकदा घडेल इतके एखादे निरीक्षण दुर्मिळ असले की त्याला 'अर्थपूर्ण' म्हणण्याची संशोधनात प्रथा आहे. मग खून, आत्महत्या, चावे, झटके, बाळंतपणे, अपघात अशा वीस गोष्टी चंद्राशी ताडून पाहिल्या, तर एखादी जुळल्याचे दिसणारच. ती जुळलेली एक वर्तमानपत्रात येते. उरलेल्या एकोणीस कपाटात राहतात. कॅज्युअल्टीतही हेच घडते. गर्दीच्या रात्री कोणीतरी खिडकीतून चंद्र पाहतो आणि ते लक्षात राहते. गर्दीची षष्ठी मात्र कोणालाच आठवत नाही. आणि पौर्णिमेची रात्र शांत गेली, तर ''आज पुनव असून काहीच नाही'' असे म्हणायला कोणी जागे नसते. सगळे जरा डोळा लागतो का ते पाहत असतात.

झोपेविषयीचे निष्कर्ष मात्र आम्ही उडवून लावत नाही. वीज नसलेल्या जगात पौर्णिमेच्या सुमारास माणसे उशिरापर्यंत जागत असतील, हे पटण्याजोगे आहे. मोटारसायकलींच्या अभ्यासकांनीही चंद्र रक्त खवळवतो असे म्हटलेले नाही. मोठा चंद्र वर आला की चालकाची नजर क्षणभर रस्त्यावरून हटते, एवढाच त्यांचा तर्क आहे. पण वीस मिनिटांची झोप कमी होणे वेगळे आणि वेड लागणे वेगळे. हे अंतर न मोजता उडी मारणे, हीच आमची तक्रार आहे.

*

भरती-ओहोटीचा युक्तिवाद इतका लोकप्रिय आहे की त्याचा स्वतंत्र समाचार घ्यावा लागतो. ओढ अधिक असते म्हणून भरती येते, हे अर्धे सत्य आहे. पृथ्वीच्या चंद्राकडील बाजूला ओढ जास्त आणि पलीकडच्या बाजूला कमी, या फरकामुळे भरती येते, आणि तो फरक जाणवायला सुमारे १२,७०० किलोमीटरचा व्यास लागतो. पावणेदोन मीटरच्या माणसाच्या डोक्यावरची आणि पायावरची ओढ यांत असा कितीसा फरक पडणार? रंकाळ्याला भरती आलेली कोल्हापुरात कोणी पाहिलेली नाही, मग घोटभर रक्ताला ती कशी येईल? शिवाय उधाणाची भरती पौर्णिमेला येते तशीच अमावास्येलाही येते, आणि साधी भरती तर रोज दोनदा. हा युक्तिवाद खरा असता तर आपण सर्वांनी दिवसातून दोनदा भ्रमिष्ट व्हायला हवे होते.

आणि मुळात दोषी तिथी कोणती? युरोपने पौर्णिमा धरली. इंग्रजीतील वेड्यासाठीचा जुना शब्दच चंद्राच्या लॅटिन नावावरून आला. तो शब्द घेऊन ब्रिटिशांनी १९१२ साली येथे कायदा केला. तो हटवून १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा प्रत्यक्ष अमलात यायला १९९३ साल उजाडले. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पंचेचाळीस वर्षे आपला मनोरुग्ण कायद्याच्या भाषेत चंद्राचा मारलेला होता. आपल्या खेड्यांत मात्र 'अवस-पुनव' असा जोड आहे आणि त्यातही धास्ती अवसेची अधिक. तमिळ मुलखात अमावास्या नव्या कामाला चांगली मानतात. आणि आपणही वर्षातली सर्वांत मोठी अमावास्या दिवे लावून लक्ष्मीपूजनात घालवतोच. चंद्र एकच, पण गावागणिक त्याचा गुन्हा निराळा.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तर ग्रहबाधांना तिथी वाटूनच दिल्या आहेत. देवग्रहांना पौर्णिमा, गंधर्वांना अष्टमी, नागांना पंचमी, पिशाचांना चतुर्दशी. कल्पनेची ही शिस्त पाहून आम्ही थक्क होतो. पण असा तक्ता हाती असला की रोगी कोणत्याही दिवशी आजारी पडो, कारण तयारच असते. ज्या विधानाला कोणताही दिवस खोटे पाडू शकत नाही, त्याने जगाविषयी काहीच सांगितलेले नसते.

*

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. पौर्णिमा-अमावास्येला माणसे मरतात हे खरे आहे. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेला, वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत अडीचशेहून अधिक माणसे चेंगरून आणि होरपळून गेली. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या कुंभमेळ्यात अमावास्येच्या पर्वणीला ३९ भाविक चेंगरून मेले. ३ फेब्रुवारी १९५४ रोजी प्रयागला मौनी अमावास्येच्या दिवशी शेकडो माणसे गेली. त्याच प्रयागला, त्याच मौनी अमावास्येला, २९ जानेवारी २०२५ रोजी सरकारी आकड्यानुसार ३० जण मृत्युमुखी पडले. कोणी चंद्रवादी ही यादी पुढे करील तर ती नाकारता यायची नाही. तारखा खऱ्या आहेत, तिथीही खऱ्या आहेत.

पण मांढरदेवीला काय घडले? डोंगरावरची अरुंद चढण, दोन्ही बाजूंना दुकानांची दाटी, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, लाखोंची गर्दी आणि मग आग. चंद्राने यांतले काहीही केले नाही. पंचांगाने लाखो माणसांना एका दिवशी एका वाटेवर आणले, आणि ती वाट रुंद करणे, दुकाने हलवणे, गर्दी टप्प्याटप्प्याने सोडणे हे माणसांचे काम माणसांनी केले नाही. चंद्र आपल्यावर परिणाम करतो तो असा: ओढीने करत नाही, दिनदर्शिकेने करतो. दिवाळीच्या अमावास्येला फटाक्यांनी भाजलेली मुले दवाखान्यात येतात, होळीच्या पौर्णिमेनंतर डोळ्यांत रंग गेलेली माणसे येतात. हा परिणाम अगदी खरा आहे आणि म्हणूनच तो टाळताही येतो. तिथी वर्षभर आधी ठाऊक असते. त्या रात्री जादा डॉक्टर, जादा रक्त, जादा खाटा ठेवता येतात. 'पुनव आहे, असंच असणार' या वाक्याने नेमकी हीच जबाबदारी पुसली जाते.

उलट २६ जुलै २००५ घ्या. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. समुद्राला भरती असल्याने पाण्याला वाट मिळाली नाही आणि मुंबई बुडाली. तेव्हा पौर्णिमा उलटून पाच दिवस झाले होते. चंद्राने खरोखर हात लावलेला हा एक प्रसंग, पण त्याला कोणी बोल लावला नाही, कारण तिथी गाजलेली नव्हती. ओढ खरी होती तेथे आपण तिला विसरलो आणि नव्हती तेथे तिची पूजा मांडली.

*

निसर्गाच्या लयीच नाहीत, असे आमचे म्हणणे नाही. त्या आहेत, आणि लोककथेतल्या चंद्राहून कितीतरी दमदार आहेत. हृदयविकाराचे झटके सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळेत अधिक येतात, हे १९८५ साली पुढे आले. पेशींच्या आतल्या दिवस-रात्रीच्या घड्याळाचा उलगडा करणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळाले. आणि आपल्या मातीतली सर्वांत क्रूर लय पावसाची आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, वर्षाला सरासरी ५८,०००. त्यांतली सुमारे निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. बिळांत पाणी शिरते, साप बाहेर येतात, त्याच वेळी शेतकरी अनवाणी चिखलात उभा असतो. ही लय आहे आणि तिच्यामागचे कारणही दिसते आहे.

या चार महिन्यांत जिवाचा निकाल लागतो तो दंशापासून लसीपर्यंत किती वेळ गेला यावर. कोकणात महाडला बसून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि ज्या दंशाने मुले दगावत ती वाचू लागली. त्यासाठी त्यांनी तिथी पाहिली नाही. रोग्याची नाडी, रक्तदाब आणि फुप्फुसे पाहिली, रात्र रात्र उशाशी बसून पाहिली. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. त्यात साप, विंचू वा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे. हा कायदा यावा म्हणून वर्षानुवर्षे झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच साली २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. तेव्हा या वादात काय पणाला लागले आहे, हे आम्ही वेगळे सांगायला नको. ज्या घरात अपस्माराच्या मुलीच्या गोळ्या बंद करून तिला दर अवसेला भगताकडे नेतात, त्या घराला आपल्या वर्गातली 'चंद्र आणि मन' ही वाक्ये सुशिक्षितांची संमती म्हणून पोहोचतात. मधला माणूस बहुधा आपलाच विद्यार्थी असतो.

*

राहिला प्रश्न साहित्याचा, आणि आम्हांला तोच अधिक जिव्हाळ्याचा आहे. चंद्राची ही ओढ काढून घेतली तर कवितेतला चंद्र विझेल, असे अनेकांना वाटते. आम्हांला नेमके उलटे वाटते.

पुरुषसूक्तात विराट पुरुषाच्या मनापासून चंद्र जन्मल्याची कल्पना आहे. ऐतरेय उपनिषदात चंद्र मन होऊन हृदयात शिरतो. एकीकडे मनातून चंद्र, दुसरीकडे चंद्रातून मन. हे भौतिकशास्त्र असते तर दोहोंपैकी एक चूक ठरले असते. पण ते नाते आहे, आणि नाते दोन्ही दिशांनी सांगता येते. ज्योतिषाने त्यातली एकच दिशा उचलली, तिला कारण म्हटले आणि दक्षिणा लावली. आम्ही प्राध्यापकांनी तेच केले, दक्षिणेऐवजी टाळ्या घेतल्या. चरकसंहितेत तर याहून विलक्षण गोष्ट आहे. दक्षाच्या अठ्ठावीस मुलींपैकी एकट्या रोहिणीवर जीव लावल्याने चंद्राला क्षयाने गाठले आणि अश्विनीकुमारांनी त्याच्यावर उपचार केले. राजयक्ष्मा हे नाव त्या राजा सोमाच्या आजारावरून पडले, असे तेथे सांगितले आहे. आपल्या परंपरेत चंद्र स्वतःच रोगी आहे! झिजतो, भरतो, पुन्हा झिजतो. माणसाने आपले दुखणे त्याच्यात पाहिले, म्हणून तो आपला झाला.

हे वाचायला कोणत्याही प्रयोगशाळेचा दाखला लागत नाही. एखादी कविता 'विज्ञानाने सिद्ध झाली' म्हणून श्रेष्ठ ठरवायची असेल, तर उद्या तेच विज्ञान तिला रद्द करील तेव्हा आपण काय करणार? पुढच्या निबंधाची वाट पाहणार? रूपकाला पुरावा म्हणून उभे करणे हा रूपकाचा अपमान आहे, आणि पुराव्याच्या जागी रूपक बसवणे हा रोग्याशी द्रोह.

म्हणून आमचे मागणे छोटे आहे. वर्गात चंद्र शिकवावा, मनसोक्त शिकवावा. सूक्तातला, संहितेतला, ओवीतला, नवकवितेतला. पण कोणी विचारले, ''हे खरं आहे का, सर?'' तर 'विज्ञानही आता हेच म्हणते' हे वाक्य टाळावे. ''मनाविषयी खरं आहे, शरीराविषयी नाही. फेफरं आलं तर दवाखान्यात जा, आणि आजच्या आज जा,'' इतके स्पष्ट सांगावे. आम्ही आता असेच सांगतो. कोजागरीचा तो प्रसंगही सांगतो, मात्र त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नासकट.